सहा जणांचा पत्ता

घरच्या कारभारणीस,

मी ठणठणीत आहे. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, चार-चार तास, बाकी आराम. जेवणही जातं.

कंडक्टरकीची सवय काही सुटत नाही. मशीनवर पडल्या पडल्या शेजाऱ्यांना विचारतो, "कुठून बसलात?" आठ जणांपैकी सहा आपल्याच रूटचे निघाले!

मग आपल्या गावात मशीन का नाही? नर्सबाई म्हणाल्या, "कागदावर तिकडचा पेशंटच नाही." असणार कसा? सहाही जणांनी फॉर्मवर इथल्या, शहरातल्या आपापल्या भाड्याच्या खोलीचा पत्ता लिहिलाय! आज सगळ्यांना तो खोडून घरचा लिहायला लावला.

तुझ्या पायांची सूज उतरली का? उद्याच तपासून घे, माझंही पायांच्या सुजेनंच सुरू झालं होतं. मशीन गावात यायलाच हवं, पण तुझ्यासाठी नको.

परतीच्या गाडीकडे डोळे लावून बसलेला,
तुझा कंडक्टर