दिवाळीचा मुराळी

विद्याधर नगर, जयपूर
५ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस,
प्रतिमाचा शि. सा. नमस्कार.

रात्रीपुरती राहा, सकाळच्या एस्टीने परत जा, असं बाबा तुला दारातच म्हणाले होते. मी दहावीत होते आणि तुझी पिशवी माझ्या हातात होती. हे आज आठवायला कारण आमच्या वरच्या खोलीतली नात्सुमी. तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

जिची कादंबरी मी जपानीतून मराठीत आणते आहे, तीच ही सव्वीस वर्षांची मुलगी. एकोणिसाव्या वर्षी तिचं पहिलं पुस्तक आलं आणि मोठं बक्षीस मिळालं. त्यात एक बाप मुलीला अंथरुणांच्या कपाटात कोंडतो. दुसऱ्या पुस्तकात बाप दिसतच नाही, नुसती जिन्यावर त्याची पावलं वाजतात. तिसरं ती इथे लिहायला आली. हे खरं घडलं का, असं तिला सगळे विचारतात. कल्पना आहे, असं ती हसून सांगते. मलाही तेच सांगितलं. पण खोलीचं दार ती कायम सताड उघडं ठेवते आणि जिन्यावर पाऊल वाजलं की तिचं पेन थांबतं. जयंत हल्ली गाणं म्हणत जिना चढतो, तेही बेसूर.

काल तिच्या वडिलांचा फोन आला. प्रकाशकाकडून त्यांनी आमचा नंबर मिळवला होता. फोन जयंतने घेतला. दिवाळीत तिला न्यायला येतो, असं ते म्हणाले. परमुलखात आपल्याकडे दिवाळीला येतं कोण? त्याला भरूनच आलं. लेकीला माहेरी न्यायला मुराळी यायलाच हवा, असं म्हणून त्याने पत्ता दिला, फराळाला बोलावलं आणि आनंदाने वर जाऊन तिला सांगितलं. तिने वाकून आभार मानले. मग दिवसभर जेवली नाही, आणि पहिल्यांदाच दाराला आतून कडी लावली.

मी जयंतला म्हटलं, नको म्हणून कळव. सणाला बापाला कसं नको म्हणायचं, असं त्याने मलाच विचारलं. मला भीती वाटते आहे, ताई. कशाची ते नीट सांगता येत नाही.

तुझी,
प्रतिमा


फलटण
११ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. प्रतिमास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. सोबत कडबोळी पाठवते. जयंतरावांच्या हाती डबा लागण्याआधी तू चार खा.

तू मुळातच भित्री. रेडिओवर श्रुतिका ऐकलीस की पाणी प्यायला मला उठवायचीस. आता पुस्तकं वाचून तेच. कादंबरी लिहिणारी मुलगी मीठमसाला घालणारच, नाहीतर बक्षीस कोण देईल? बाप लेकीसाठी एवढा समुद्र ओलांडून येतो आहे, त्याला करंज्या वाढ आणि गप्प बस. बाप-लेकीच्या मध्ये पडू नये.

बाबांचं ते वाक्य पुन्हा लिहू नकोस. माझ्या भल्याचंच बोलले. मी गेले परत, झाला ना संसार? ह्यांना जाऊन तीन वर्षं होतील. माडीवरची खोली रिकामीच आहे, उन्हाळ्यात पापड वाळवते. हल्ली मला झोप चांगली लागते.

तब्येतीला जप.

तुझी,
ताई


जयपूर
२४ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

ते काल, भाऊबीजेला आले. राखाडी कोट, हातात मिठाईची सुबक पेटी. जोडे काढून नीट ओळीत लावले. जयंत तर विरघळलाच. नात्सुमी खाली आली, चहा दिला, त्यांच्यासमोर गुडघे मुडपून बसली. त्यांनी चकलीचं कौतुक केलं आणि त्याच हसऱ्या चेहऱ्याने, हळू आवाजात तिच्याशी जपानीत बोलू लागले. मी घरमालकीण एवढंच त्यांना ठाऊक होतं, मला ते समजतं हे नव्हतं.

ते म्हणाले, कपाटाचं तू चुकीचं लिहिलंस, रात्रभर ठेवलं नव्हतं, उजाडायच्या आत मी दार उघडलं होतं. घरी चल, आपण दोघं बसून ते नीट करू. नवीन पुस्तकाची पानंही आण.

जयंतने मला विचारलं, काय म्हणतात गं? तिने माझ्याकडे पाहिलं आणि मला समजलंय हे तिला समजलं.

आता ते आग्र्याला गेलेत. पुढच्या शनिवारी, एक तारखेला, परत येऊन तिला नेणार. जयंतला काल रात्री सगळं सांगितलं. तो म्हणाला, मीच पत्ता दिला गं. मी तिला पळून जा म्हटलं. तिचं म्हणणं, उपयोग नाही, ते इतके नम्र असतात की लोक आपण होऊन दार उघडतात. एकटीने हॉटेलात राहायला ती घाबरते. पोलिसांत जायला तयार नाही, बातमी होईल म्हणते.

ताई, तुझं घर त्यांना माहीत नाही. आणि लग्न झालं तेव्हा तुझे दोन्ही कान चांगले होते. त्यावर मी कधी बोलले नाही, आजही बोलत नाही.

बुधवारी जयंत तिला पुण्यापर्यंत आणून एस्टीत बसवेल. फलटणला ती एकटी उतरेल. तिला मराठीतलं फक्त नमस्कार आणि पुरे येतं. रागावशील, माझ्या घरात भानगड नको म्हणशील, बाबांचं नाव घेशील. तुझा नकार मला पाठ आहे. तरी मागते: सकाळ झाली की तिला परतीच्या एस्टीत बसवू नकोस.

तुझी,
प्रतिमा