नाझियाच्या बोटीला मी हात लावला न्हाई

शिरूर (घोडनदी),
शनिवार, १२ एप्रिल २००८, दुपारचे दोन

दोस्त जालिंदर यास कासम मोटरवाल्याचा रामराम आन् सलाम. दोन्ही घे, आज मला दोन्हीची गरज हाय.

तुझी तब्येत कशी हाय? गुडघा काय म्हणतोय? रेल्वेच्या शेडमधला तो नवा साहेब अजून तुला जिने चढायला लावतो का? कस्तुरा वहिनींना नमस्कार सांग (बाकी पत्रातलं एक अक्षर सांगू नको). इकडं अमीरबी खुशाल हाय, नाझिया खुशाल हाय, दुकान खुशाल हाय. माझं विचारू नको. काल दुपारपासनं घशाखाली घास उतरंना झालाय, आन् अमीरबीनं त्याचा अर्थ भाजीत मीठ जास्त झालं असा काढलाय. फोन सोडून हा बाबा पत्र का लिहितोय, असं तुला वाटंल. घरात मोबाईल एकच, तो नाझियाच्या पर्समध्ये. तुझा मोबाईल वहिनी उचलतात. आन् वहिनींच्या कानावर गेलेली गोष्ट अमीरबीच्या कानावर यायला दौंड-शिरूर एसटीपेक्षा कमी वेळ लागतो. म्हणून पत्र बाळासो कंडक्टरच्या हाती देतोय. तो वाचत न्हाई, नुसता खिशात ठिवतो.

नाझियाची बोट तुला ठाऊक हाय, तरी पुन्हा सांगतो, मला सांगितल्याबिगर राहवत न्हाई. पोरीचं डिप्लोमाचं शेवटचं वर्ष. मंगळवारी पुण्याचे परीक्षक नदीवर येऊन तिचा प्रोजेक्ट बघणार. बोट हातभर लांब, आत लिंबाएवढी मोटर, साबणाच्या वडीएवढी बॅटरी, आन् लांबनं चालवायला रिमोट. पण पाण्यात सोडली की अशी सुटते की डोळ्याला सापडत न्हाई. मागं बारीक नायलॉनची दोरी बांधलेली. कुणी बुडत असंल तर बोट दोरी घेऊन त्याच्याकडं जाणार, त्यानं धरायची, काठावरच्यानं ओढायचं. हे खूळ तिच्या डोक्यात कुठनं आलं ते तुला सांगायला पाहिजे का? आपण सातवीत होतो, तू डोहात गटांगळ्या खात होतास, आन् मी काठावर दोरी घेऊन नुसता बोंबलत होतो. दोरी बारा हात कमी पडली. म्हस्कू आबा मेंढरं घेऊन तिथं आले नसते आन् त्यांनी पाण्यात उतरून घोंगडी फेकली नसती, तर आज हे पत्र मी कुणाला लिहिलं असतं? ही गोष्ट मी पोरीला इतक्या वेळा सांगितली की शेवटी तिनं बोटच बनवली.

आता मुद्द्यावर येतो (येतोय, घाई करू नको). त्या बोटीत मोटर आन् बॅटरीच्या मधी काडेपेटीएवढी एक वस्तू असते, तिला कंट्रोलर म्हणतात. आपण रिमोट जितका दाबू तितकाच करंट ती मोटरीला सोडते. आपल्या स्टार्टरचा शिकलेला नातू समज. वस्तू फार नाजूक. मोटरीवर लोड आला की मोटर नुसती गुरगुरते, जळतो तो कंट्रोलर. म्हणून त्याला गार ठेवायला बोटीच्या पोटाखालनं एक बारीक नळी घेतलेली असते, बोट पळली की नदीचंच पाणी त्यातनं फिरतं. नाझियानं मला समोर बसवून तीन गोष्टी बजावल्या होत्या. बोट ढकलणारा मागचा पंखा आहे तोच ठेवायचा, मोठा लावायचा न्हाई. नळीचं तोंड मोकळं ठेवायचं. पंख्यात काही अडकलं की त्याच क्षणी रिमोट सोडायचा. मी तिन्ही वेळा मान हलवली. काल ती रिपोर्टाची बांधणी करायला पुण्याला गेली, तवा बोट दुकानातल्या टेबलावर ठेवून वर चिठ्ठी ठेवली, “अब्बा, हात लावू नका.” जालिंदर, खुदाच्या शपथेनं सांगतो, मी हात लावला न्हाई. पक्कड लावली.

मला सांग, सव्वीस वर्षं ज्यानं अख्ख्या तालुक्याच्या विहिरीवरच्या जळक्या मोटरी नवी तार गुंडाळून भरल्या, त्यानं टेबलावर मोटर दिसत असताना नुसतं बसून राहायचं? पंखा बघितला तर बोराएवढा, प्लॅस्टिकचा. मला हसू आलं. आपल्या धंद्यात पाणी कमी पडलं की आपण काय करतो, मोठा पंखा टाकतो. मी पितळी पत्र्याचा दीडपट पंखा कापला, कानस मारून असा गुळगुळीत केला की नाकात घालावा. मग ती नळी दिसली. तोंड उघडं! घोडनदीत ही एवढी जलपर्णी, त्यात गाळ, आन् नळीला जाळी न्हाई! विहिरीत सोडताना पाइपाच्या तोंडाला आपण जाळी लावतोच की न्हाई? अमीरबीच्या जुन्या ओढणीचा तुकडा घेतला, चार पदर केले, दोऱ्यानं आवळून बांधला. लई समाधान वाटलं. पोरगी आली की म्हणंल, अब्बा, हे मला सुचलं न्हाई. असा विचार करत मी स्वतःशीच हसत होतो, तेवढ्यात म्हस्कू आबा त्यांची जळलेली मोटर घ्यायला आले. ती झाली नव्हती. आता मोटर झाली न्हाई म्हणून सांगायचं, त्यापेक्षा मी आबांना म्हणालो, चला नदीवर, गंमत दाखवतो.

आबांचं वय आता पंचाहत्तरीला टेकलंय, पण हौस बघ. धोतर खोचून कमरेएवढ्या पाण्यात उभे राह्यले आन् म्हणाले, मी बुडतोय आसं समज, पाठव तुझी बोट. मी दोरी बांधली, रिमोट दाबला. पहिले दहा-पंधरा हात बोट अशी गेली म्हणतोस, मला वाटलं पितळेची जात ती पितळेचीच. मग ती जलपर्णीत शिरली आन् थांबली. नुसती गुरगुरायला लागली. आता मोटर अडकली तर आपण काय करतो? झटके देतो. चालू-बंद, चालू-बंद, की गाळ निघतो आन् मोकळी होते. मी पण दिले झटके. पाच-सहा दिले. मग पूर्ण दाबून धरला. पंखा मोठा, मुळ्या गुंडाळलेल्या, आन् नळीच्या तोंडावरची ओढणी गाळानं अशी लिंपली होती की पाण्याचा थेंब आत जात नव्हता (हे नंतर कळलं). पोरीनं सांगितलेल्या तिन्ही गोष्टी मी पाव तासात मोडल्या. बोटीतनं एक बारीक निळा धूर निघाला. आबा तिकडनं वरडले, “कासम, म्या खरंच बुडालो आस्तो तर येव्हाना माझा तिसरा झाला आस्ता!” आन् स्वतःच चालत जाऊन बोट काखोटीला मारून आणली.

मग वास आला. जळकी मोटर मी वासावरनं सांगतो, किती भरली, कुणी भरली, सगळं. पण हा वास वेगळाच. दुकानात येऊन शटर अर्धं ओढलं, कंट्रोलर उघडला, म्हटलं भरून टाकू रातोरात. जालिंदर, त्यात तारच न्हाई रे! नुसते मुंगळ्यासारखे काळे किडे चिकटवलेले, त्यातले चार करपलेले. भरायला काही नव्हतंच. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा माझे हात मला निकामी वाटले. मी स्टुलावर बसून रडलो, तुला सांगायला लाज कसली. पोरगी ओरडली तर बरं. पण ती ओरडत न्हाई. चष्मा काढती, ओढणीनं पुसती, परत घालती. ते माझ्याच्यानं बघवत न्हाई. वर्ष वाया गेलं तर पोरीला तोंड कसं दाखवू?

मग जे करायचं ते केलं. ओढणीचा तुकडा सोडून टाकला, बोट पुसली, टेबलावर होती तश्शी ठेवली, चिठ्ठीसुद्धा होती तशीच तिरकी. वास जावा म्हणून लोबान पेटवला, शुक्रवार होता, कुणाला काही खटकलं न्हाई. आबांना मोटर सोमवारी देतो सांगून तोंड बंद ठेवायला लावलं. ते बंद ठेवतील का? काल संध्याकाळपासनं पानाच्या टपरीवर लोक मला बघून खोकतायत. ती रात्री आली, बोटीकडं बघितलं, काही बोलली न्हाई. का बोलली न्हाई? ह्याच विचारानं माझं डोकं फिरायची वेळ आलीय. घरच्यांना सांभाळ. गुडघ्याला तीळतेल लाव.

तुझा,
कासम

ता. क. खरं काम राह्यलंच. सोबत कंट्रोलरचं चित्र काढलंय. पुण्यात बुधवार पेठेत अशा वस्तू मिळतात म्हणे, तुला रेल्वेचा पास हाय, उद्या जाऊन ये. तिथं न्हाईच मिळाला, तर दुसरं काम. सोमवारी इकडं ये आन् नाझियाला सांग की शुक्रवारी तू आला होतास आन् बोट तूच चालवलीस. तुला ती काही बोलायची न्हाई. बोट तुझ्यासाठीच बनवलीय तिनं. एवढं कर. सातवीत तुझ्यासाठी काठावर बोंबललो, त्याचं सगळं फिटलं समजंन.

दुसरी ता. क.

जालिंदरकाका, नमस्कार. मी नाझिया. पाकीट चिकटवायला भाताचं शीत मागायला अब्बा आत आले आणि पाकीट ओट्यावरच विसरून गेले. पुण्याला जाऊ नका. कंट्रोलर मी मार्चमध्येच दोन घेतले होते, दुसरा गव्हाच्या डब्यात आहे. ज्या दिवशी अब्बांनी तीन वेळा मान हलवली, त्याच दिवशी दुसरा घेतला. त्यांनी सगळं पुसलं, पण पितळी पंखा काढायचाच विसरले, तो अजून बोटीलाच आहे. माझ्या रिपोर्टमध्ये “कंट्रोलर का जळतो” असं एक प्रकरण आहे, त्यात तीन कारणं नुसती लिहिलेली होती, पुरावा नव्हता. आता आहे. तिथे मी हाताने “चाचणी : कासम शेख” असं लिहून टाकलंय. त्यांना एवढ्यात सांगू नका, अजून दोन दिवस नीट वागतील.

पण सोमवारी नक्की या, मुक्कामाला. मंगळवारी परीक्षकांसमोर पाण्यात कुणीतरी उभं राहायला हवं. म्हस्कू आबा तयार आहेत, पण मला तुम्ही हवे आहात. सातवीतल्या त्या दिवसानंतर तुम्ही नदीत पाय घातला नाहीत, हे अब्बांनी सांगितलंय. गुडघाभरच पाणी असेल. रिमोट माझ्या हातात राहील. दोरीचं टोक अब्बांच्या हातात देणार आहे.

तिसरी ता. क.

जालिंदर, पाकीट परत माझ्या हातात आलं तवा ते जड लागलं, म्हणून उघडलं. वाचलं. लिहिता येत न्हाई, कागद ओला होतोय. तू ये. दोरी मी आत्ताच मोजली. बारा हात जास्त घेतलीय.