हॅडलीच्या बदल्यात

कासलबार, आयर्लंड, १३ एप्रिल २०२१

ती. राजीवभावोजी यांस,
मृणालिनीचा सा. न. वि. वि.

प्रथम घटना, घडल्या त्या क्रमाने. ॲपवरच्या आपल्या घरच्या काल्पनिक लीगमध्ये निवडलेला खरा अमेरिकन फुटबॉलपटू वर्षानुवर्षे आपल्याच संघात राहतो आणि तो मैदानात जे करतो त्याचे गुण आपल्याला मिळतात. यंदा माझा संघ शेवटचा आला; म्हणून मे महिन्यात नव्या खेळाडूंतली पहिली निवड माझी. रविवारी व्हिडिओ कॉलवर आपण त्या निवडीच्या बदल्यात आपला तेहतीस वर्षांचा रिसीव्हर हॅडली देऊ केलात. मी सभ्यपणे नकार दिला. सोमवारी ॲपवर सौदा ‘मान्य’ झालेला दिसला, कारण लीगचे प्रमुख आपणच. आज हॅडलीने निवृत्ती जाहीर केली.

आता मत. चेंडू झेलण्यासाठी धावणाऱ्या माणसाचे पाय तिशीनंतर उतरू लागतात. त्याला अठ्ठाविसाव्या वर्षीच विकावे, हे नवशिक्यालाही कळते. आपण मात्र त्याला ‘अनुभवी’ म्हणता. आपला संघ म्हणजे बागेतल्या बाकावरचे निवृत्तिवेतनधारक, आणि त्यांतला सर्वांत थकलेला आपण मेहुणीच्या गळ्यात मारलात. दोन हंगाम हरत राहून मी ती निवड कमावली आहे. ती परत हवी.

ताईला नमस्कार. तिच्या लिंबाच्या लोणच्याची बरणी संपली, हे प्रकरण वेगळे.

लोभ असावा, लबाडी नसावी.
आपली,
मृणालिनी

लिक्सलिप, १६ एप्रिल २०२१

चि. मृणालिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र तुझ्या ताईने जेवताना मोठ्याने वाचले. ‘निवृत्तिवेतनधारक’ येताच तिला हसून ठसका लागला. पण डॉक्टरीणबाई, नकार दिलात कधी? मी म्हणालो, हॅडली घे, निवड दे. तू म्हणालीस, अक्षरशः, ‘आय ॲम ग्रँड, भावोजी.’ ग्रँड म्हणजे उत्तम. प्लँटमध्ये आमचा साहेब ‘दॅट्स ग्रँड’ म्हणतो आणि सही करतो. निवृत्तीचे आधी कळले असते, तर मी हॅडलीला मार्चमध्येच विकून टाकला असता. आणि माझ्याही संघात कुणीतरी धावणारा नको का?

कोविडमुळे काउंटीबाहेर, म्हणजे जिल्ह्याबाहेर, जायला बंदी आहे, नाहीतर लोणचे घेऊन आलो असतो.

लोभ आहेच, तो ॲपवर नोंदवावा लागत नाही.
राजीव

कासलबार, २० एप्रिल २०२१

ती. राजीवभावोजी यांस,
सा. न. वि. वि.

माझे शब्द अचूक उद्धृत केल्याबद्दल आभारी आहे. वाद तिथेच संपला. ‘दॅट्स ग्रँड’ म्हणजे ठीक. ‘आय ॲम ग्रँड’ म्हणजे मला काही नको. वॉर्डातल्या आजींना मी आणखी एक उशी देऊ का विचारते, त्या ‘आय ॲम ग्रँड’ म्हणतात आणि मी उशी घेऊन परत फिरते. आपण कँटीनमध्ये हेच म्हणून दुसऱ्या चहाची वाट पाहत बसत असाल, अशी मला दाट शंका आहे.

ताईशी बोलले. तिने हा फरक आपल्याला रविवारीच समजावला होता आणि आपण ‘बघू’ म्हणालात. म्हणजे अज्ञान रविवारचे, लबाडी सोमवारची.

सौदा रद्द करावा. न केल्यास मी लीग सोडते. मग उरलेल्यांनी आपापले म्हातारे एकमेकांना विकत बसावे.

लोभ कायम आहे, म्हणूनच इतके लिहिले. रद्द केल्याचे लेखी कळवावे. फोन करू नये. फोनवर मी पुन्हा सभ्यपणे बोलेन, आणि आपण पुन्हा तो होकार समजाल.

आपली,
मृणालिनी