पोरीले सतरंजीवर बसवलं

माय, काल रातभर डोळा लागला नाही. पोरीचा बाप बाजूले कन्हत होता, पन त्याच्यानं नाही. बालवाडी पाहाले तालुक्याची मोठी बाई आज पुन्हा येनार हाय, संग साहेब लोक घेऊन. अन् गावच्या लोकाइनं सांगून ठेवलं हाय का आमच्या पोरीनं आज सतरंजीच्या मधात बसून गानं म्हनलंच पाह्यजे. ज्याइनं तिले तिथूनच ओढून काढलं, त्याइनंच.

तुले बालवाडी काय ते ठाव नसन. शाळेच्या आधीची शाळा, सरकारची. आमच्या गावात पाटलाच्या गोठ्याजवळच्या खोलीत भरते. बाई गानं शिकवते, गिनती शिकवते, भुकटीचं दूध देते. आमच्या वस्तीचे लेकरं उंबऱ्याबाहेर बसतात. तू गेली तवा आपल्या घरी देव होते. आता आमी बौद्ध झालो, देव्हारा सोडला, पन तो उंबरा तिथंच हाय. बाई वाटीत वरून दूध ओतते, हात लागू देत नाही. माही पोरगी चार सालाची. पयल्या दिवशी रडत घरी आली. म्हने, "आई, मले आत कायले नाही बसू देत?"

मले तुही चूल आठवली. तू भाकर थापून राह्यली अन् मी शाळेतून पळून आलती, गुरुजीनं चपलाजवळ बसवलं म्हनून. तू पिठाच्या हातानंच फुंकनी उचलली अन् माह्या पाठीत हानली. "चपलाजवळ बस, पन बस." पाठीवर वळ घेऊन मी परत गेली. तू जित्ती होती तवरोक शाळेत गेली, म्हनून आज हे चार अक्षरं लिहिता येतात. मी पोरीले हानलं नाही, हात धरून नेलं अन् उंबऱ्याबाहेर बसवलं. "इथं बस, पन बस," म्हनलं.

ती बाहेर बसूनच सारं शिकली. मोठी बाई जीपनं आली त्या दिवशी मी गोठ्यात शेन काढून राह्यली होती. बालवाडी चांगली दिसावी म्हनून बाईनं पयलीचे मोठे पोट्टे आनून सतरंजीवर बसवलेले. मोठी बाई म्हने, "गानं म्हना." पोट्टे तिच्या चष्म्याकडं पाहून मुके. तवा बाहेरून माह्या पोरीनं गानं उचललं, हातवाऱ्यासकट, आखरीपर्यंत. मोठी बाई उठली, पोरीले कडेवर घेतलं, मधात नेऊन बसवलं अन् आपल्या हातानं भांड्यातलं दूध पाजलं. "इथं तर सारे लेकरं मिळून बसतात. अशी बालवाडी तालुक्यात दुसरी नाही," म्हने. बाईनं हो म्हनून मान हलवली. मी शेनाच्या हातानं पाहत राह्यली. मले तं माय, खुशी झालती.

जीप वळली अन् पाटलाच्या भावानं पोरीले केसाले धरून बाहेर फेकलं. उंबऱ्यावर तिचा ओठ फाटला. दुधाचं भांडं त्यानं दगडानं चेचलं. मी धावली तं पोटात लाथ बसली. पोरीचा बाप वावरातून पळत आला, त्याच्या हातावर बंडीच्या उभारीचा दांडका हानला. कपाशीची वाळली पऱ्हाटी मोडते तसा आवाज आला, मी ऐकला. मंग वस्तीत येऊन कडब्याची गंजी पेटवली. ठान्यात गेलो तं जमादार म्हने, "दूध पेली ना तुही पोरगी? मंग कायची तक्रार?"

काल दिवस बुडता पाटलाचा भाऊ दारात उभा. आजवर मले 'ए' म्हननारा मानूस.

"वहिनी, उद्या पोरीले न्हाऊ घाल, तेल लाव. मोठी बाई आपली बालवाडी दाखवाले साहेब आनून राह्यली. गावाचा तालुक्यात पयला नंबर लागते."

"तिचा ओठ अजून सुजेल हाय," मी म्हनलं.

"पडली म्हना. लेकरं पडतेच." मंग कुडाच्या भितीले हात लावला. "लय वाळला व तुह्या घराचा कूड. चूल जपून पेटवत जाय."

पोरगी मांगून ऐकून राह्यली होती. तो गेल्यावर म्हने, "आई, उद्या मी आत बसू?" तिले खुशी वाटली, माय. ओठ फाटला तरी तिले आतच बसाचं हाय.

तुहं बरोबर होतं का चूक, मले समजत नाही. चपलाजवळ बसून मी लिहाले शिकली, पन तोंड उघडाले नाही शिकली. आज मी पोरीले नेनार. गानं झालं का तिच्या बापाले संग घेऊन साहेबाइच्या म्होरं उभी राहनार, त्याचा मोडका हात दाखवनार, कोनं मोडला ते सांगनार. ठरवलं तं हाय. पन तवा तोंडातून शब्द निंघन का नाही, मलेच ठाव नाही. सकाळपासून पोरीची येनी तीनदा घातली, एकबी सुदी पडली नाही.

हा कागद तुले पोचत नाही. पिठाच्या डब्याखाली ठेवून राह्यली. ज्याच्या हाती लागन त्यानं पोस्टात जाऊन माह्या भावाले फोन करा. माय गेली तवा तो रांगत होता, आता नागपूरले मिलमधी लागला हाय. मिलच्या गेटाचा नंबर अन् त्याचं नाव कागदाच्या मांगं लिहिलं हाय, गेटावरचा मानूस त्याले बलावून देते. त्याले पयले सांगा का पोरीले घेऊन जाय. माहं काय झालं ते मागून सांगा.