दहा दिवसांचा आठवडा

३ मे, संध्या. ६.३०
शाळेत बोलावलं होतं. कन्या इतिहासात नापास. नववीत! बाई म्हणाल्या, तीन आठवड्यांनी फेरपरीक्षा, सगळी फ्रेंच राज्यक्रांतीवर. त्यातही उडाली तर वर्ष गेलं, मैत्रिणी दहावीत आणि ही तिथेच. तारखेची चिठ्ठी दिली. खिशात घातली. कन्या घरी आल्यावर बाथरूममध्ये नळ सोडून रडली.
बायको म्हणाली, माझ्या हॉस्पिटलच्या ड्युट्या, मला जमायचं नाही, क्लास लावू. मी साफ नाही म्हटलं. बावीस वर्षं वजनमाप खात्यात दुकानदारांचे किलो तपासतोय. किलो आला कुठून? मीटर आला कुठून? त्याच क्रांतीतून! क्रांती म्हणजे आमच्या खात्याचं माहेर. मी शिकवणार.

४ मे, सकाळी ७.००
तक्ता तयार. क्रांतीच्या काळात त्या लोकांनी आठवडाच दहा दिवसांचा करून टाकला होता! वाचलं आणि अंगावर काटा आला. विषय अंगात मुरायचा तर आठवडाही तसाच हवा. आमचेही तीन आठवडे, दहा-दहा दिवसांचे. पहिला: वातावरणनिर्मिती. दुसरा: कारणं. तिसरा: घटना, सनावळ्या, उजळणी. फ्रिजवर चिकटवला. कन्या बराच वेळ बघत उभी होती. भारावली असावी.

७ मे
लायब्ररीतून जाडजूड कादंबरी आणली. त्याच काळावरची. मोठ्याने वाचायला घेतली. पाच पानांत सतरा माणसं आली. कोण उमराव आणि कोण त्याचा घोडा, काही कळेना. डुलकी लागली. जाग आली तेव्हा चष्मा कुणीतरी काढून टेबलावर ठेवला होता. सिनेमा हे जास्त प्रभावी माध्यम आहे असं वाटू लागलंय.

११ मे
मेहुण्याने पेन ड्राइव्हवर सिनेमा दिला. राणीचा न्हावी हा नायक. राणीचे केस तीन फूट उंच. एकदा जिना चढता चढता तो केसांचा डोलारा कोसळतो, राणी भर दरबारात न्हाव्याला हाकलते, आणि तो सूड म्हणून गल्लोगल्ली लोकांना भडकवत सुटतो. क्रांती! कन्या खदखदून हसली. कित्येक महिन्यांनी हसली पोरगी. मलाच भरून आलं. हे धड्यात एका ओळीनेही नाही. पाठ्यपुस्तकं काय लायकीची असतात ते कळलं. कारणांच्या उत्तरात न्हावी पहिला घालायचा, असं तिला बजावलं.

१५ मे
कन्या म्हणाली, धड्यात कारणं आठ ओळींत दिलीत, पाठ करू का. मी म्हटलं, पाठांतर ही सरंजामशाही आहे. मग म्हणाली, बाबा, परीक्षा चोवीसला आहे. मी तक्त्याकडे बोट दाखवलं. बाई म्हणाल्या तीन आठवडे, तक्त्यात आठवडे तीन. अजून पंधरवडा पडलाय. हल्लीच्या मुलांना घाई फार.

१९ मे
एका किराणा दुकानात तपासणीला गेलो होतो. किलोचा जन्म कसा झाला ते मालकाला तासभर सांगितलं. भला माणूस, एकदाही मध्ये बोलला नाही. वजन तीस ग्रॅमने कमी भरलं होतं, ते लिहायचं राहिलं. घरी येऊन तोच सिनेमा परत लावला. आज कन्या हसली नाही. मांडीवर पाठ्यपुस्तक उघडं होतं. लक्ष इकडेच द्यायला सांगितलं, तर मिटवलं तिने.

२४ मे, सकाळी ७.४०
भयंकर प्रकार. ही ड्युटीवर निघता निघता म्हणाली, पोरीची आज परीक्षा, डोक्यावरून हात तरी फिरव. तक्त्यात आज तिसऱ्या आठवड्याचा पहिला दिवस! चिठ्ठी शोधली. पँट धुवायला गेली तेव्हा तिचा लगदा झालेला. शाळेचा कारभार म्हणजे सगळा सावळा गोंधळ.

सकाळी ११.००
ऑफिसातून. स्कूटरवर जाताना हेल्मेटमधून ओरडून सगळ्या सनावळ्या सांगितल्या. कन्या एवढंच म्हणाली, बाबा, सिग्नल लाल आहे. गेटपाशी माझ्या पाया पडली.

संध्या. ६.१५
पेपर बरा गेला म्हणाली. कारणांच्या उत्तरात तुम्ही सांगितलेला न्हावी लिहिला, चांगला दीड पान. ऊर भरून आला. मेहुण्याला मुद्दाम फोन करून सांगितलं. तो आधी खूप हसला. मग म्हणाला, अहो, तो विनोदी सिनेमा होता, असा न्हावी कधी नव्हताच. पोरीने खरंच लिहिलं का हो?
तिला सांगितलं नाही. जेवण गेलं नाही. सारखा तिच्या खोलीच्या दारापर्यंत जातो आणि परत येतो.

३० मे, दुपारी ३.३०
शाळेतून आलो. तीन मार्कांनी राहिली. वर्ष गेलं. बाईंनी पेपर समोर ठेवला. न्हाव्याच्या दीड पानावर लाल रेघ, पाचपैकी शून्य. अक्षर किती सुंदर काढलंय पोरीने. अगदी माझ्यासाठी काढल्यासारखं.
मी सांगायला तोंड उघडलं, पण बाई आधी बोलल्या. हे कुणी शिकवलं म्हणून त्यांनी तिला खोदून खोदून विचारलं होतं म्हणे. ती म्हणाली, मीच कुठूनतरी वाचलं, घरी शिकवायला कुणी नसतं. बाईंनी मला विचारलं, खरं आहे का हे.
कन्या बाजूला उभी होती. माझा हात तिने घट्ट धरला होता. लाजेने मेल्याहून मेलो.
मी म्हणालो, हो. कुणीच नसतं.