चेनकव्हरवरचं नाव

आरमोरी
३ ऑगस्ट २०२५

मयुरीच्या बाबांना,

आचलचा नमस्कार. इकडे तुमच्या आई, मयुरी आणि मी बऱ्या आहोत. तुम्हीही बरे असाल. धानाची रोवणी आटोपली. गुडघ्यांमुळे आईंना यंदा चिखलात उतरता आलं नाही, म्हणून त्यांनी बांधावर बसून सगळ्यांना शिव्या दिल्या. मयुरी पहिलीत गेली. तुमचं नाव पूर्ण लिहिते, फक्त 'प्र' उलटा काढते.

पत्र कशाला, फोन करायचा ना, असं म्हणाल. फोनवर तुम्ही साइटवर असता, 'मंग बोलतो' म्हणता. कागदावर माझं वाक्य तरी पुरं होतं.

एक सांगायचं आहे. मी एक सायकल घेतली. नवी नाही, भंगारातली. लटारूभाऊंचा भंगाराचा टेम्पो धानोऱ्याकडून आला होता, त्यात फुटक्या बादल्यांखाली दबली होती. ब्रशनं फासलेला निळा ऑइलपेंट, चाकं गंजलेली, सीटचं चामडं वाळलेल्या मासोळीसारखं वाकडं झालेलं. मी माझ्या बाबांच्या वारलू सायकल दुकानाचे टायर-ट्यूब आणायला बाजारात गेले होते. तुम्हाला ठाऊक आहे, त्यांचे हात आता थरथरतात, पाना धरवत नाही. ते खुर्चीवर बसून सांगतात, मी करते. सकाळी आईंना चहा देऊन दुकानात जाते ती संध्याकाळीच येते. घरी बसवत नाही. बसले की उठते, उठले की कुठे जायचं ते आठवत नाही. हाताला काम असलं की बरं.

तर बादल्या सरकवल्या आणि पुढचं मोठं दातेरी चक्र दिसलं. त्यात लोखंडाच्या तीन मुंड्या, लांब चोचींच्या. लहानपणापासून तलावावर बघते, मी लगेच ओळखलं. बगळे! बाबांना दाखवलं तर ते खुर्चीतून उठले. म्हणाले, "अवं, हे विलायती रॅले आहे. याचे ब्रेक पाह्य, वायरचे नाई, सळईचे आहेत. माह्या उमेदीत अशी एकच पाह्यली होती, डॉक्टरची."

मागच्या चाकाचा हब रॉकेलमध्ये घासला, तेव्हा इंग्रजी अक्षरं निघाली, खाली साल. बाबा म्हणाले, सायकल त्यांच्यापेक्षाही वडील आहे. सीटच्या नटाखाली पितळेचा बिल्ला होता, वरोरा नगरपालिकेचा. पूर्वी सायकलीवर कर होता म्हणे. तो भरला की असा बिल्ला मिळायचा.

काल चेनकव्हरवरचा निळा रंग पॉलिश पेपरनं उतरवत होते. खाली काळा रंग लागला आणि त्यावर पिवळी अक्षरं, एकेक करून. 'धनराज'. पुढे 'वरोरा'. पेंटरनं फार जीव लावून लिहिलं आहे, प्रत्येक अक्षराला लाल सावली. हात थांबलाच माझा. कोणाची तरी वस्तू आहे ही, वरोऱ्याची. मग धानोऱ्याच्या जंगलात कशी गेली?

पोळ्याला येतो म्हणाला होतात तुम्ही. तान्ह्या पोळ्यासाठी मयुरीनं लाकडी बैल आत्ताच रंगवून ठेवला आहे.

आपली,
आचल

आरमोरी
९ सप्टेंबर २०२५

मयुरीच्या बाबांना,

नमस्कार. पोळा झाला. मयुरीचा बैल मीच ओढत नेला, ती रुसून मागून चालली. त्याबद्दल आज लिहीत नाही.

मी वरोऱ्याला जाऊन आले. नाव वाचल्यापासून डोक्यातून जात नव्हतं. आईंना सांगितलं, सीटचं चामडं बघायला जाते. चेनकव्हर जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि एसटीत मांडीवर घेऊन बसले. वरोऱ्यात जुन्या लोकांना विचारत गेले, धनराज नावाचा कोणी होता का, विलायती सायकलवाला. तिसऱ्या ठिकाणी एक म्हातारा म्हणाला, "मनकर्णाबाईचा माणूस? तो तं कव्हाचाच गेला." मेला का, विचारलं. तो म्हणाला, "गेला म्हणतो मी. मेला कुठी म्हणतो?"

कापसाच्या जिनिंगच्या मागच्या गल्लीत त्या एकट्या राहतात. सत्तरी ओलांडली आहे. शाळेत खिचडी शिजवायच्या, आता ते होत नाही, सोयाबीन निवडायला जातात. कपाळाला मोठं कुंकू, गळ्यात काळी पोत. मी लुगडं सोडलं. त्यांनी हात लावला नाही. दुरूनच बघत राहिल्या.

"लाल सावली म्याच सांगतली होती पेंटरले," त्या म्हणाल्या. मग एकदम माझं मनगट धरलं. "तो भेटला का तुले? जित्ता आहे?"

मला काय माहीत असणार! सायकल कशी मिळाली, तेवढं सांगितलं.

धनराज इथल्या एका व्यापाऱ्यासाठी मोह आणि हिरडा खरेदी करायला धानोऱ्याकडे जायचे. सायकलवर, मुक्काम करत करत. लग्नाला काही वर्षं झाली होती, मूल नव्हतं. एका होळीनंतर गेले ते आलेच नाहीत. कोणी म्हणालं वाघानं नेलं, कोणी म्हणालं नदीत गेले. सासऱ्यांनी शोधलं, पोलिसात कळवलं. काही नाही.

"पितरपाटात सगळ्यायले पान ठेवतो मी," त्या म्हणाल्या. "सासऱ्याले, सासूले, माह्या मायले. त्याले नाई ठेवत. जित्त्या माणसाच्या नावानं पान ठेवलं तं पाप लागंन. अन् मेला असंन तं तो इतकी वर्षं उपाशी आहे. मी काय करू, तूच सांग."

परत येताना एसटीत माझा थांबा मागे पडला, पुढे जाऊन उतरले. डोळा लागला होता, एवढंच.

लटारूभाऊंनी सायकल ज्याच्याकडून घेतली त्याचा नंबर दिला. इतवारी नाव. धानोऱ्याजवळच्या खेड्यात घरकुल बांधायला त्यांनी जुनं घर पाडलं, आढ्याला टांगलेली सायकल भंगारात दिली. मी विचारलं, सायकल कोणाची? तो सहज म्हणाला, "आमच्या बाबाची. वरोऱ्याचे होते ते. मेले ना, कोरोनाच्या आंधीच." मी विचारलं, वरोऱ्यात त्यांचं कोणी होतं? तो म्हणाला, कशाले विचारता? मग म्हणाला, "आईले विचारा. आई आहे."

म्हणजे ते जिवंत होते. एका दिवसाच्या रस्त्यावर होते. बायको होती, पोरगा होता, घर होतं.

मनकर्णाबाईंना अजून सांगितलेलं नाही. सांगावं की नाही, सुचत नाही. चाकं झाली, नवे छर्रे घातले, ग्रीस भरलं, सळया सरळ केल्या. आता करायला काही उरलं नाही, म्हणून झालेलंच पुन्हा पुसते. बाबा म्हणतात, झिजवशील तिले. रात्री आई विचारतात, काऊन कूस बदलून राह्यली?

तुम्ही माझ्या जागी असता तर काय सांगितलं असतं त्यांना? खरंच विचारते. उत्तर लिहा.

आपली,
आचल

आरमोरी
२८ सप्टेंबर २०२५

प्रणित,

तुमचं नाव लिहिलं म्हणून राग मानू नका. आज ज्याच्याशी बोलायचं आहे त्याला नाव घेऊनच बोलावं लागतं.

मी पुन्हा वरोऱ्याला जाऊन मनकर्णाबाईंना सांगितलं. मला वाटलं रडतील. त्यांनी चुलीवरचं भांडं उतरवलं, पदरानं हात पुसले आणि म्हणाल्या, "मले तिथी घेऊन चल." मी म्हटलं, त्रास होईल. त्या म्हणाल्या, "आजवर काय सुख चाललं होतं?"

पितृपक्षातच गेलो. त्या आदल्या दिवशी आरमोरीला आल्या, आपल्याच घरी झोपल्या. आईंना मी सायकलीचं सगळं सांगून टाकलं होतं. सकाळी लटारूभाऊंच्या टेम्पोत सायकल टाकली आणि आम्ही पुढे बसलो. खेड्याचा फाटा आला, पुढे चिखल. टेम्पो जाईना. मी सायकल उतरवली, त्यांना कॅरिअरवर बसवलं. काळा रंग, त्यावर पिवळं नाव. नाव तेवढं मी जुनंच ठेवलं होतं. त्यांनी माझी कंबर घट्ट धरली.

"त्यानं मले कव्हाच नाई बसवलं इच्यावर," पाठीमागून म्हणाल्या. "लोक हासतीन म्हणे."

घर नवं होतं, विटांना अजून प्लास्टर नव्हतं. इतवारी दारात उभा. मनकर्णाबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. तोंडवळा बापाचा असणार. आतून त्याची आई आली, कुंताबाई. पाण्याचा गडवा घेऊन आली आणि तसाच हातात धरून उभी राहिली, पुढे करावा की नाही ते तिला कळेना. मनकर्णाबाईंनी तो स्वतः हातातून घेतला आणि प्यायल्या.

मग दोघी ओसरीवर बसल्या. मी आणि इतवारी खाली अंगणात. कुंताबाई खोटं बोलली नाही.

"मले पह्यलेपासून मालूम होतं, बाई. मीच म्हणो, जाय, एकडाव सांगून ये. दरवर्षी धान निघालं का तो सायकल खाली काढे. पुसे, हवा भरे, म्हणे यंदा जातो. दोन दिवस अंगणात उभी ठेवे. मंग पुन्हा टांगून दे."

"पत्र टाकता येत होतं त्याले," मनकर्णाबाई म्हणाल्या. "चवथी शिकला होता."

"भेत होता."

"वाघाच्या जंगलातून एकटा फिरे, तव्हा नाई भेला. मले भेला?"

कुंताबाईनं मान खाली घातली. अंगणात कोंबड्या तेवढ्या फिरत होत्या. मला वाटत होतं आता मनकर्णाबाई उठतील, शिव्या देतील, तिच्या झिंज्या धरतील. मी तर धरल्या असत्या. खरं सांगते, माझ्या हाताच्या मुठी वळल्या होत्या, आणि त्या कुंताबाईसाठी नव्हत्या.

मनकर्णाबाईंनी एवढंच विचारलं, "शेवटी शेवटी काय खाये तो?"

"झिंग्याची चटणी. बाकी काईच नाई जात होतं."

"पितराले झिंगे कसे ठेवू वं?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. पण सर्वपित्रीला ठेवले. मी वरोऱ्याला गेले होते. इतवारीही आला होता. पान त्यानंच छपरावर ठेवलं. कावळा आला तेव्हा मनकर्णाबाई आत गेल्या आणि इतक्या वर्षांचं रडणं मी भिंतीच्या अलीकडून ऐकलं. इतवारी पायरीवर डोकं धरून बसला होता. त्याचा त्यात काय दोष!

सायकल घ्या म्हटलं तर त्या म्हणाल्या, नको, तूच चालव. नाव मात्र खोडून टाक. मी दुसऱ्या दिवशी त्यावर काळ्या रंगाचा हात मारला.

त्या दिवशी वरोऱ्याहून निघताना त्यांनी विचारलं, "तुहा माणूस काय करते?"

"हैदराबादले असतात. बांधकामावर."

"येते?"

"येतो म्हणतात."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला बॅग उचलता येईना. "पोरी, तारीख माग. नुसतं 'येतो' म्हटल्यानं माणूस येत नाई."

आता तेच लिहिते जे दोन पत्रांत लिहिलं नाही. ज्येष्ठ महिन्यात मयुरीला ताप होता, तेव्हा मी तुम्हाला सकाळीच फोन लावला होता. एका बाईनं उचलला. म्हणाली, "वो नहाने गये हैं." मी गप्प राहिले. तर तिनं हळूच विचारलं, "मयुरी की मम्मी बोल रहे हैं क्या?"

आवाज वाईट नव्हता तिचा. घाबरलेला होता. माझ्या मुलीचं नाव तिला ठाऊक आहे आणि मला तिचं नाव ठाऊक नाही. मी फोन ठेवला. त्यानंतर केला नाही. तुम्हीही कधी विचारलं नाही की फोन काऊन बंद झाला. तिनं तुम्हाला सांगितलं असेल, किंवा नसेल. मी पत्रांतून सायकलीचे नट-बोल्ट सांगत राहिले, कारण दुसरं विचारलं असतं तर उत्तर आलं असतं.

परवा आईंना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. सूप खाली ठेवलं, पुन्हा उचललं, एकच खडा कितीदा तरी बाजूला केला. मला वाटलं, पोराचीच बाजू घेतील, आणि घेतली असती तरी मी काही म्हटलं नसतं. मी म्हटलं, दसऱ्यापासून मी आणि मयुरी माझ्या बाबांच्या दुकानामागच्या खोलीत राहायला जातो. दुकान आता मीच चालवणार.

आई उठल्या. कोपऱ्यातली त्यांची पेटी ओढून दाराशी आणली.

"म्या पोरगा जन्माले घातला," त्या म्हणाल्या, "त्याची वाट पाह्याचा ठेका नाई घेतला. मी तुह्यासंग येतो. माह्याकडून सायकली नाई होत, पण गिऱ्हाइकाले चहा तं देईन."

म्हणून कळवते. घराला कुलूप असेल. मी तुमच्याकडून तारीख मागत नाही. मनकर्णाबाईंनी सांगितलं होतं, तरी मागत नाही. मागितली तर मला ती मोजत बसावी लागेल. फोनवरच्या त्या बाईलाही फसवू नका, एवढं सांगते. ती घाबरलेली होती.

मयुरी विचारते, बाबा कव्हा येतीन. मी आजवर 'येतीन' म्हणत आले. काल पहिल्यांदा तिला म्हटलं, "मले मालूम नाई, बेटा." ती जराशी थांबली आणि खेळायला गेली. मीच दारात उभी राहिले.

आचल
वारलू सायकल दुकान,
तलावाजवळ, आरमोरी