सायलेन्सरचं पिस्तूल

हाइल

अब्बा, सलाम.

मी मजेत आहे. इथे वाळवंटातही थंडी पडलीय, अम्मीने दिलेला स्वेटर रोज घालते. तिचा गुडघा कसा आहे?

काल आमच्या कानाच्या दवाखान्यात अबू नाएफ नावाचे गव्हाचे शेतकरी आले. त्यांनी दोस्ताकडून जुनं, भलंमोठं पिस्तूल विकत घेतलं, सायलेन्सरसकट. चालतं का बघायला शेतातल्या पंपाच्या पत्र्याच्या खोलीतच सगळ्या गोळ्या वाळूच्या गोणीत झाडल्या, कानांत काही न घालता. तेव्हापासून कानात शिटी वाजतेय.

“सायलेन्सर होता ना मुली, मग आवाज कसला?”

“कमी झाला, पण कानाला सोसेल इतका नाही.”

तपासणी झाल्यावर त्यांनी विचारलं, “परत ऐकू येईल ना?” खोटं बोलावंसं वाटलं. तरी म्हटलं, “गेलं ते बहुतेक येणार नाही. उरलंय ते जपा.”

ते म्हणाले, “स्वतःच्या बापाला असं सांगशील?”

म्हणून हे पत्र लिहितेय.

लाँचच्या इंजिनाशेजारी तीस वर्षं बसून तुम्ही मला शिकवलंत. घरातली पहिली पदवी त्याच आवाजातून आली. आता फोनवर दोन वाक्यं झाली की “नेटवर्क नाही” म्हणून तुम्ही अम्मीला देता. तिला सगळं नीट ऐकू येतं, अब्बा. फोन तोच असतो.

रत्नागिरीला जाऊन कान तपासून घ्या. सोबत कानांवर घालायचे, आवाज अडवणारे मफ पाठवलेत, इंजिन चालू असताना घाला. कुणी हसलं तर म्हणा, लेकीला याच्यासाठीच शिकवलं.

तुमचीच,
अफशाँ